मॉन्ट्रोजचं गोल्फ मैदान समुद्र खातोय. दगड टाकून का थांबवत नाहीत? आणि त्यातलं गोदाकाठाला काय लागू पडतं?

गंगथडी (गंगाखेड)

नमस्कार मंडळी. काठाच्या धुपीवर अभ्यासगटात चर्चा ठेवली आहे. त्यासाठी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं मॉन्ट्रोज निवडलं. १५६२ मध्ये तिथे गोल्फ खेळला जात असल्याची नोंद आहे, म्हणून मुख्य कोर्सचं नावच ‘१५६२’. १८६६ मध्ये तिथे २५ होलची खुली स्पर्धा झाली होती. पूर्वेला उत्तर समुद्र, दक्षिणेला साउथ एस्क नदीचं मुख, उत्तरेला नॉर्थ एस्कचं, आणि मधला सगळा पट्टा वाळूच्या टेकाडांचा. २०१८ च्या सुमाराच्या बातम्यांत तीस वर्षांत समुद्र ७० मीटर आत आल्याचं होतं. २०२१ च्या ‘डायनॅमिक कोस्ट’ या स्कॉटलंडच्या किनाऱ्यांच्या धुपीवरच्या अभ्यासाचा अंदाज पुढच्या चाळीस वर्षांत काही भागात १२० मीटरचा आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्या ग्रीनपाशी (खळग्याभोवतीची आखूड हिरवळ) आणि दुसऱ्या टीपाशी (पहिला फटका मारायची जागा) मोठे दगड टाकले आहेत, मग पूर्ण काठाला का नाही? अडचण फक्त पैशाची आहे का? दुसरं, टेकाडावर मॅरम गवत लावतात. गवताने समुद्र थांबतो? लावायची मापं काय? आणि तिसरं आपल्या कामाचं: गंगाखेडपासून नांदेडपर्यंत गंगेच्या (आपण गोदावरीला गंगाच म्हणतो) वळणांवर दर पावसाळ्यात रान तुटायलंय. तिथले उपाय इथे जसेच्या तसे उचलता येतील का?

बेसाल्ट (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. पैसा हे एक कारण आहे, पण मोठं कारण वेगळं आहे. दगड टाकला की मागची जमीन वाचते आणि पुढचा किनारा जातो.

वाळूचं टेकाड म्हणजे किनाऱ्याची शिल्लक. वादळात लाटा टेकाडाचा पायथा कापतात. ती वाळू उथळ पाण्यात जाऊन आडवा बांध तयार होतो, आणि पुढच्या लाटा त्यावर आधीच फुटतात. उन्हाळ्यात शांत लाटा तीच वाळू परत काठावर आणतात, वारा ती टेकाडावर चढवतो. टेकाडासमोर दगडाची भिंत आली की हा देवघेवीचा व्यवहार बंद होतो. लाटेला वाळू मिळत नाही, म्हणून ती भिंतीसमोरचा किनारा खरवडते. किनारा खाली गेला की तिथे पाणी खोल होतं, पाणी खोल झालं की मोठी लाट न फुटता थेट दगडापर्यंत येते, आणि आज पुरेसा वाटणारा दगड दहा वर्षांनी हलका पडतो.

हलका म्हणजे किती, ते हडसनच्या सूत्राने काढता येतं; त्यात लाटेच्या उंचीवरून दगडाचं वजन मिळतं. दगडाची घनता घनमीटरला २६५० किलो, समुद्राच्या पाण्याची १०२५, उतार १:२, ओबडधोबड दगडाचे दोन थर, लाट फुटणारी, म्हणून गुणांक २. लाट २ मीटरची धरली तर एका दगडाचं वजन १.३ टन येतं. ३ मीटरची धरली तर साडेचार टन. लाटेची उंची दीडपट, वजन जवळपास साडेतीनपट, कारण सूत्रात उंचीचा घन आहे. १.३ टनाचा दगड साधारण ८० सेंमीचा होतो. दोन थरांची जाडी १.६ मीटर. त्याखाली या दगडाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या वजनाच्या दगडांचा थर आणि सगळ्यात खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड. कापड टाकलं नाही तर प्रत्येक लाटेसोबत फटींतून मागची वाळू बाहेर येते आणि भिंत जागच्या जागी खाली बसते. पायथा सध्याच्या किनाऱ्याच्या पातळीवर टेकवायचा नसतो. वादळात वाळू जिथपर्यंत उतरेल त्याच्याही खाली तो न्यावा लागतो. बहुतेक भिंती इथेच फसतात, कारण ते खोदकाम भरती-ओहोटीच्या मधल्या तीन-चार तासांत करायचं असतं. मॉन्ट्रोजला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे खड्डा दिवसातून दोनदा भरतो.

आता टोकांचं बघा. दगड जिथे संपतो त्याच्या लगेच पुढे टेकाड जास्त जोरात तुटतं. एकतर दगडाच्या आडची वाळू आता पुढे सरकत नाही, आणि लाट टोकावरून वळून मऊ वाळूत घुसते. दोन ठिकाणी दगड टाकला की धुपीच्या चार नव्या जागा तयार होतात. म्हणून टोक काटकोनात तोडत नाहीत. ते जमिनीकडे वळवून आत १०-१५ मीटर पुरतात. त्यानेही धूप थांबत नाही, फक्त मागून वळसा पडत नाही. मॉन्ट्रोजच्या दक्षिण अंगाला किनाऱ्यावर औषध कारखाना आहे आणि त्याच्या पुढ्यात आधीच दगड आहे. पूर्ण काठ दगडाने बांधला तर उत्तरेकडची टेकाडं उपाशी राहतील. कोर्स वाचेल, पण ज्याला लिंक्स म्हणतात ती वाळूची जमीनच संपेल.

दुसरा मार्ग बाहेरून वाळू आणून टाकण्याचा. हिशोब साधा आहे: किनाऱ्याच्या माथ्यापासून वाळू हलते त्या खोलीपर्यंतची उंची १० मीटर धरा. किनारा १ मीटर पुढे न्यायला प्रत्येक धाव मीटरला १० घनमीटर वाळू लागते. १ किलोमीटर लांबीत २० मीटर पुढे जायचं तर २ लाख घनमीटर. १४ घनमीटरचा हायवा धरला तर चौदा हजारांवर खेपा. प्रत्यक्षात हे काम जहाजाने, पाइपातून करतात. कण मूळ वाळूएवढा किंवा किंचित जाड हवा. बारीक टाकला तर पहिल्याच हिवाळ्यात खोल पाण्यात जातो. आणि हे एकदाचं काम नाही, काही वर्षांनी पुन्हा टाकावीच लागते. मॉन्ट्रोजच्या बंदराच्या वाटेतून गाळ काढताना निघणारी वाळू दूर नेऊन टाकण्यापेक्षा याच खाडीत टाका, ही तिथली जुनी मागणी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणी. वाळू त्याच व्यवस्थेतली असल्याने कणाचा प्रश्न बराचसा सुटतो.

लव्हाळा (परभणी)

बेसाल्ट सरांनी दगडाचं सगळं सांगितलं. गवताचं मी सांगते.

गवताने समुद्र थांबत नाही. गवताचं काम वाऱ्याशी आहे. वाऱ्याने उडालेली वाळू ते अडवतं, म्हणजे वादळानंतर टेकाड परत भरायला मदत करतं. भरतीची लाट रोज पायथ्याला लागत असेल तिथे मॅरम लावणं म्हणजे रोपं फुकट घालवणं. खारं पाणी वारंवार मुळाशी आलं की ते मरतं. उधाणाच्या भरतीने वाहून आणलेल्या काटक्या-शेवाळाची रेघ जिथे दिसते त्याच्या वरच ते लावायचं. त्या रेघेच्या आसपास लाइम ग्रास आणि सँड काउच हे खारट सोसणारे प्रकार चालतात.

लागवड नोव्हेंबर ते मार्च, वाळू ओली असताना. जवळच्याच, पण मागच्या बाजूच्या निरोगी टेकाडावरून ठोंब काढायचे. एका जागचं सगळं उपटायचं नाही, मधले मधले घ्यायचे, नाहीतर तिथे वाऱ्याची खिंड पडते. एका ठोंबात दोन-तीन फुटवे, जमिनीखालचं खोड १५-२० सेंमी. खड्डा २० सेंमी खोल. ओळी आणि रोपं ४५ सेंमीवर, तिरप्या मांडणीत. चौरस मीटरला पाच ठोंब पडतात, म्हणजे १०० मीटर लांब आणि १० मीटर रुंद पट्ट्याला पाच हजार. वरवर खोचलेलं रोप पहिल्याच वादळी वाऱ्यात उघडं पडतं, म्हणून बाजूची वाळू पायाने दाबून घट्ट करायची.

गवताच्या आधी कुंपण. चेस्टनटच्या फळ्यांचं, १ ते १.२ मीटर उंच, फळी आणि फट जवळपास सारखी. पूर्ण बंद कुंपण लावलं तर वारा त्याच्यावरून उसळून पायथा पोखरतो. निम्मं उघडं असेल तर वारा मंदावतो आणि वाळू दोन्ही बाजूंना बसते. कुंपण वाळूत बुडालं की त्याच्यावर दुसरं. किनाऱ्यावर उतरायच्या पायवाटा ठरवून फळ्यांच्या करायच्या आणि वाऱ्याच्या मुख्य दिशेला तिरक्या काढायच्या. सरळ पायवाट म्हणजे वाऱ्याला दिलेलं दार. सेंट अँड्रूजच्या वेस्ट सँड्सवर २०१० च्या वादळानंतर किनाऱ्याच्या उत्तर टोकाला साठलेली वाळू आणून टेकाडातल्या खिंडी भरल्या, मग कुंपण आणि गवत. तिथे हे जमलं, कारण त्या किनाऱ्याला वाळूचा पुरवठा आहे. मॉन्ट्रोजला पुरवठ्याचीच तूट आहे.

मॅरमला दरवर्षी अंगावर नवी वाळू हवी असते. वाळू यायची थांबली की ते विरळ होतं. उलट टोकही आहे: ॲबरडीनच्या उत्तरेला मेनी इथे २०१२ मध्ये नवा कोर्स सुरू झाला. फिरती टेकाडं जागीच बांधून टाकल्यामुळे त्या भागाचा निसर्गसंरक्षित दर्जा डिसेंबर २०२० मध्ये काढून घेतला गेला. टेकाड हलू द्यायचं नाही आणि ते जिवंतही राहावं, या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत.

मैदानं स्वतः काय चुकतात तेही बघा. समुद्र दिसावा म्हणून टी टेकाडाच्या अगदी माथ्यावर. गवताची कापणी कड्याच्या धारेपर्यंत, मग तिथे आखूड मुळांचं फेस्क्यू (मैदानावरचं बारीक पात्याचं गवत) राहतं, मॅरम जातं. आणि पाटाचं किंवा निचऱ्याचं पाणी पाइपाने टेकाडाच्या तोंडावर सोडलेलं. समुद्र यायच्या आधी त्या पाइपाखालीच घळ पडलेली असते. कड्याकडचा किमान ५ ते १० मीटर पट्टा न कापता सोडावा आणि निचरा जमिनीच्या बाजूला वळवावा.

गंगथडी (गंगाखेड)

धन्यवाद दोघांचे. म्हणजे मॉन्ट्रोजला मागे सरकणं, टी आणि ग्रीन जमिनीकडे हलवणं, हाच मुख्य उपाय राहतो? मग कधी सरकायचं हे कसं ठरवतात? वर्षाला सरासरी दोन-सव्वादोन मीटर धरून?

हिरवळ (बीड)

सरासरीवर काम केलं तर फसाल. तीस वर्षांत ७० मीटर म्हणजे वर्षाला २.३ मीटर. पण समुद्र असं हप्त्याने नेत नाही. तीन वर्षं काहीच नाही आणि एका पूर्वेच्या वादळात भरती, वारा आणि लाट एकत्र आली की एका रात्रीत पाच-सात मीटर कडा. वाळू ओली असते तोवर कडा उभी राहते. वाळली की वरून ढासळते. म्हणून वादळानंतर लगेच घेतलेलं माप खोटं असतं, आठवड्याने परत घ्यायचं.

अंतर असं काढतात. समजा एका मोठ्या वादळाचा घास १० मीटर. दीर्घकाळचा वेग वर्षाला ३ मीटर. नवं ग्रीन तयार व्हायला परवानगी, बांधणी आणि गवत धरणं मिळून ४ वर्षं. ३ गुणिले ४ बारा, अधिक दहा, बावीस. थोडी सोय ठेवून २५ मीटर. कडा ग्रीनपासून २५ मीटरवर आली त्या दिवशी काम सुरू करायचं. १० मीटरवर आल्यावर सभा बोलावणारे क्लब ग्रीनही घालवतात आणि घाईघाईत टाकलेल्या दगडाचे पैसेही. टीला एवढा अवधी लागत नाही, एका हंगामात हलते, म्हणून मॉन्ट्रोजलाही आधी टी हलल्या.

जुनं ग्रीन टाकून द्यायचं नसतं. त्या वाळूतलं फेस्क्यू-बेंटचं गवत तयार व्हायला वर्षानुवर्षं लागलेली असतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला ३ ते ४ सेंमी जाडीचे पट्टे कापून नव्या जागेवर त्याच दिवशी अंथरायचे. खालचा थर शुद्ध वाळूचाच हवा. मातीमिश्रित थरावर अंथरलं तर सांध्यावर पाणी अडतं आणि मूळ खाली उतरत नाही. बाहेरून रोपवाटिकेतली हिरवळ आणली तर तिच्यासोबत चिकणमाती येते, ती लिंक्सला विष आहे.

मोजणी दरवर्षी दोनदा, हिवाळ्याच्या आधी आणि नंतर. ठरलेल्या खुंटांवरून कड्यापासून ओहोटीच्या रेषेपर्यंत आडवे छेद (जमिनीच्या उंचसखलपणाची मोजलेली रेघ), आरटीके जीपीएसने, म्हणजे काही सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएसने. नुसती कड्याची रेघ मोजू नका. किनाऱ्याची पातळी खाली जातेय का, हे आधी कळतं, कडा नंतर तुटते. परवानगीचंही दुहेरी काम आहे: जमिनीवरच्या कामाला नियोजन परवानगी स्थानिक कौन्सिलची, आणि उधाणाच्या भरतीरेषेखाली काहीही टाकायचं तर स्कॉटिश सरकारचा सागरी परवाना.

मुरूमखडी (नांदेड)

तिसरा प्रश्न राहिलाय, तो घेतो. जसंच्या तसं काहीच उचलू नका. समुद्रात घास लाट घेते, गंगेत प्रवाह. तिथे काठ पाणी चढताना तुटतो, आपल्याकडे बहुतेक वेळा पाणी उतरताना.

आपला काठ वर काळी, खाली पिवळी गाळाची माती, कुठे वाळूचा पट्टा, तळाशी कधी मुरूम नाहीतर काळा पाषाण. एप्रिल-मेमध्ये काळी भेगाळते आणि काठाला समांतर मीटर-दीड मीटर खोल भेगा पडतात. पहिल्या पुराचं पाणी त्यांत शिरतं, काठ फुगतो, जड होतो. पूर झपाट्याने ओसरला की नदीच्या पाण्याचा बाहेरून असलेला आधार जातो, पण मातीतलं पाणी तेवढ्या वेगाने निघत नाही. मग अख्खी ढेप खाली बसते. त्यात तळातून वाळू उपसून पात्र खाली गेलेलं असेल तर पायथा आधीच लोंबतोय. अशा काठावर वरून कितीही दगड रचा, तो दगडासकट जातो. उपसा थांबवल्याशिवाय पुढचं वाचूच नका, असं मी लिहिलं असतं, पण तुमच्या हातात ते नसणार.

दगडाचं माप इथे वेगळ्या सूत्राने. आयएस १४२६२ या भारतीय मानकात वजन प्रवाहाच्या वेगाच्या सहाव्या घातावर जातं. आपला बेसाल्ट २.८ घनतेचा, उतार १:२, दगडाचा नैसर्गिक कोन ४० अंश. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर ११ किलोचा दगड पुरतो. ४ मीटर असेल तर ६४ किलो, ५ मीटरला जवळपास २४० किलो. समुद्राचे टनावारी दगड इथे लागत नाहीत. पण वेग सरळ पात्रातला मोजून वळणावर तोच दगड लावला तर तो जातो. बाहेरच्या वळणावर वेग जास्तच असतो.

खरी गोम पायथ्याची. लेसीच्या सूत्राने काढलेली खरवडीची खोली (पुरात पाणी तळ किती खोल खरवडेल ती) वळणावर दीडपट, तीव्र वळणावर पावणेदोनपट धरतात, आणि ती पुराच्या पातळीपासून खाली मोजायची असते, पात्राच्या तळापासून नाही. इथे भले भले चुकतात. उदाहरण: लेसीची खोली ६ मीटर, तीव्र वळण, म्हणजे साडेदहा. पुरात पायथ्याशी पाणी ८ मीटर. तळाखाली खरवड अडीच मीटर. दगडाचा मोकळा अंथर याच्या दीडपट रुंद, म्हणजे पावणेचार मीटर, पायथ्यापुढे पसरायचा. तळ खरवडला की हे दगड स्वतःच खाली घरंगळून उतार झाकतात. म्हणून अंथरात सिमेंट घालायचं नाही. दीड मीटरवर पक्का पाषाण लागत असेल तर अंथराची गरज नाही, पाषाणात चर कोरून पायथ्याची भिंत बसवा.

वर उतार १:२ तासून घ्या. काळ्या मातीवर थेट जिओटेक्स्टाइल ठेवलं तर छिद्रं बुजतात, म्हणून आधी १५० मिमी स्वच्छ वाळू, मग कापड, मग बारीक खडी, मग पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांचं अस्तर. पिचिंगचे सांधे सिमेंटने भरू नका. दिसायला देखणं असतं, पण पाणी उतरताना मागचा दाब बाहेर पडत नाही आणि फुगवटा येऊन अस्तर फुटतं. गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या) घेणार असाल तर २×१×१ मीटरची पेटी, जस्त आणि पीव्हीसी दोन्हींचा लेप, दगड जाळीच्या छिद्रापेक्षा मोठा, १५० ते २५० मिमी. आत मीटरवर पडदी आणि आडव्या बांधतारा, नाहीतर पेटीचं पोट सुटतं. उभ्या गॅबियन भिंतीमागे किमान ३० सेंमी मुरूम भरा, काळी फुगली की तिचा धक्का तो घेतो. सगळं काम फेब्रुवारी ते मे.

लव्हाळा (परभणी)

मुरूमखडी दादा, दगड सगळीकडे परवडणार नाही. दोन-तीन एकराचं रान असलेला माणूस पिचिंग कुठून करणार? वाळ्याच्या ओळी का नाही सांगितल्या? जून-जुलैत, एका जागी दोन-तीन फुटवे, १५ सेंमीवर एक रोप, समपातळीवर ओळ, दोन ओळींत उभं अंतर मीटरभर. मुळं तीन मीटरपर्यंत जातात, जून झालेल्या पानाला जनावर फारसं तोंड लावत नाही, आणि पुरात काही दिवस बुडालं तरी मरत नाही.

मुरूमखडी (नांदेड)

ताई, वाळ्याला विरोध नाही. उतार तासलेला असेल आणि पायथा पक्का असेल तर वरच्या दोन-तृतीयांशात वाळाच लावा, पिचिंगचा खर्च तेवढा वाचतो. पण उभ्या कड्यावर लावलेला वाळा ढेपेसकट जातो, मुळं तीन मीटरची असोत की पाचची, कारण घसरण त्याच्याही खालून होते. मॅरमबद्दल तुम्हीच वर लिहिलंत ना, पाणी रोज लागतं तिथे गवत नको. इथेही पायथ्याला दगड, मध्ये वाळा, माथ्यावर करंज-बांबू, तोही कड्यापासून ५ मीटर आत, झाडाचं वजन धारेवर नको.

आणि दोन-तीन एकरवाल्याने एकट्याने काही करूच नये. एका बांधापुरता दगड टाकला की खालच्या शेजाऱ्याचं रान तुटतं. बेसाल्ट सरांनी टोकांचं जे सांगितलं ते नदीलाही तितकंच लागू. वळण जिथे सुरू होतं तिथून संपतं तिथपर्यंतचे सगळे मिळून अर्ज करा. आधी आडवे छेद घ्या, एक मेमध्ये, एक नोव्हेंबरमध्ये, दोन वर्षांचे. छेद नसतील तर कुठलाही अभियंता पायथ्याची खोली अंदाजाने टाकेल. वाल्मीत (जल व भूमी व्यवस्थापन संस्था, छत्रपती संभाजीनगर) अशा मोजणीचं मार्गदर्शन मिळू शकतं, विचारून बघा.

गंगथडी (गंगाखेड)

वळणावर एकूण अकरा खातेदार आहेत, सगळ्यांशी बोलतो. मेमधला छेद चुकला, आता नोव्हेंबरपासून सुरू करतो. लव्हाळा ताई, वाळ्याची रोपं परभणीत कृषी विद्यापीठाकडे मिळतील का, की बाहेरून आणावी लागतील?

लव्हाळा (परभणी)

विद्यापीठात चौकशी करा. पण सगळी विकत घेऊ नका. शंभर ठोंब आणून विहिरीजवळच्या ओलीत गुंठाभर जागेत लावा. पुढच्या जूनपर्यंत एकेका ठोंबाचे बरेच फुटवे होतात, तेच फोडून काठावर न्या. तोवर तुमचा उतार तासून झालेला हवा.